भातुकली सुशीची!

रात्रीचे साडेआठ. दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावर कमानी सभागृहाची दारं उघडतात आणि प्रेक्षक बाहेर पडतात. नाटक कसं झालं याची चर्चा दोन मिनिटं टिकते. तिसऱ्या मिनिटाला खरा प्रश्न पुढे येतो... आता जेवायचं कुठं?

मंडी हाऊसच्या चौकापासून इंडिया गेटपर्यंत जाणारा हा रस्ता. इंग्रजांच्या काळातला लिटन रोड. दूरदर्शनचं मुख्यालय इथलंच, जुनं महाराष्ट्र सदनही याच रस्त्यावरचं. १९७१ साली कमानी सभागृह सुरू झालं तेव्हापासून नाटक, नाच, गाणं ऐकून-बघून भुकेली झालेली टोळकी इथल्या फूटपाथवर हाच प्रश्न सोडवत उभी असतात.

समजा, आज त्यात एक मराठी टोळकं आहे. एकूण आठजण. मूळच्या रत्नागिरीच्या, सत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा आणि सून, नुकतीच नोकरीला लागलेली नात, तिचा धाकटा भाऊ, सात महिन्यांची गरोदर असलेली चुलत नात आणि तिचा नवरा. आठवा नातीचा वर्गमित्र. तो लातूरकडचा, राजेंद्रनगरमध्ये खोली घेऊन युपीएससीचा अभ्यास करणारा, गळ्यात तुळशीची माळ.

कुणी बंगाली मार्केटचं नाव काढतं, कुणाला छोले-भटुरे हवेत. तेवढ्यात नात जाहीर करते, ‘‘पहिला पगार झालाय. आज माझ्याकडून सगळ्यांना सुशी!’’

फूटपाथवर शांतता पसरते. ती आजीच मोडतात. ‘‘म्हणजे तो कच्चा मासा ना गं? आमच्याकडे कच्चा मासा मांजर खातं.’’

आजींचं हे वाक्य आज अनेक मराठी घरांत ऐकू येतं. पोरांना जपानी खाणं ठाऊक आहे, आवडतं आहे. मोठ्यांना त्याची धास्ती आहे. मग होतं काय, तर पोरं मित्रांबरोबर जातात आणि आजी घरी वरणभात लावते. एकत्र बाहेर पडण्याची संध्याकाळ दोन ताटांत वाटली जाते. खरंच तसं व्हायला हवं का?

मूद आणि उंडा

आधी आजींचा गैरसमज दूर करायला हवा. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना जपानीत साशिमी म्हणतात. सुशी म्हणजे आंबट चवीचा भात. तांदळाचा शिरका, साखर आणि मीठ घालून हलक्या हातानं कालवलेला चिकट भात. त्याच्यावर किंवा पोटात काहीही असू शकतं... मासा, कोळंबी, गोडसर ऑम्लेट, काकडी नाहीतर भोपळा.

मुठीत हलकेच दाबून केलेला भाताचा मुटका आणि त्यावर माशाचा काप, ही झाली निगिरी. आपल्या लग्नातल्या पंगतीत वाटीनं पाडलेल्या मुदीची लांबची बहीणच म्हणा. बांबूच्या चटईवर समुद्री शेवाळाचा कागद पसरायचा, त्यावर भात थापायचा, मधोमध सारण ठेवून घट्ट गुंडाळायचं आणि सुरीनं काप पाडायचे, ही झाली माकी. अळूवडीचा उंडा करणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हे काम एकदा बघून जमेल! फरक इतकाच, की उंडा वाफवायचा असतो, माकीला ती गरज नाही.

भात मात्र चिकटच हवा. बासमतीचा दाणा सुटा राहतो, म्हणून तिथं तो नापास. घरी करून बघायची हौस असेल तर जपानी तांदूळ शोधत हिंडण्याचं कारण नाही. आपल्या मावळातला इंद्रायणी चालतो. आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं तयार केलेलं हे वाण १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आलं. त्याचा भात मऊ होतो, गोळा धरतो.

आंबट भाताची ही रीत आली मासा टिकवण्याच्या गरजेतून. पूर्वी मीठ लावलेला मासा शिजलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवत. भात आंबला की त्या आंबटपणानं मासा टिके. खाताना मासा घ्यायचा, भात टाकून द्यायचा. पुढे एवढी वाट बघण्याचा धीर लोकांना उरला नाही. आंबवण्याऐवजी भातात शिरका घालायची युक्ती निघाली. १८२०च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हानाया योहेई नावाच्या विक्रेत्यानं निगिरीला लोकप्रिय केलं. हे काही राजेरजवाड्यांचं जेवण नव्हतं. रस्त्यावरच्या ठेल्यावर उभ्या उभ्या, हातानं, दोन घासांत संपवायचं खाणं! थोडक्यात, सुशी हा एदोचा वडापावच होता.

पट्ट्यावरची पंगत

मग ही सुशी महाग आणि मानाची कशी झाली? ठेले गेले, दुकानं आली. काउंटरमागे वर्षानुवर्षं शिकून तयार झालेला आचारी उभा राहू लागला. भाव विचारायला संकोच वाटावा, अशी ती जागा झाली. सामान्य कामगाराला, पोराबाळांच्या कुटुंबाला ती परवडेना.

ही कोंडी फोडली ओसाकाजवळच्या योशिआकी शिराइशी या हॉटेलवाल्यानं. त्याचं लहानसं दुकान होतं, गिऱ्हाईक भरपूर, पण वाढपी मिळत नव्हते. बीअरच्या कारखान्यात फिरत्या पट्ट्यावरून सरकत जाणाऱ्या बाटल्या बघून त्याला कल्पना सुचली. बाटल्या सरकतात, तर बशा का नाही? बऱ्याच खटपटीनंतर १९५८ साली त्यानं फिरत्या पट्ट्याचं पहिलं सुशीगृह उघडलं. पट्ट्याचा वेग ठरला सेकंदाला ८ सेंटिमीटर. याहून हळू फिरवला तर गिऱ्हाईक कंटाळतं आणि जास्त पळवला तर बशी उचलता येत नाही! हवी ती बशी उचलायची, खायचं आणि शेवटी रिकाम्या बशा मोजून पैसे द्यायचे. बशीच्या रंगावरून भाव कळतो, त्यामुळे विचारायचा संकोच नाही.

सुरुवातीला पट्ट्याशेजारी एकेकट्यानं बसायची सोय होती. पुढे शिराइशीनं टेबलं पट्ट्याला काटकोनात लावली. आता चार-चार माणसांचं कुटुंब समोरासमोर बसू शकलं. १९७०च्या ओसाका जागतिक प्रदर्शनानं ही कल्पना घरोघरी पोहोचवली. ऐन भरात असताना त्याच्या साखळीची सुमारे २४० दुकानं होती. सुशी पुन्हा पंगतीत आली ती अशी. कोपर्निकसानं पृथ्वीला सूर्याभोवती फिरवलं, शिराइशीनं ताटाला माणसाभोवती!

पण पंगत म्हटली की पंगतीचे नियम आले. २०२३च्या सुरुवातीला जपानमध्ये काही पोरांनी पट्ट्यावरच्या अन्नाला आणि सॉसच्या बाटलीला जीभ लावतानाच्या चित्रफिती पसरवल्या आणि देशभर संताप उसळला. काही दुकानांनी तर पट्ट्यावर उघडं अन्न फिरवणंच बंद केलं. उष्ट्या-खरकट्याचा विचार फक्त आपल्याच आज्यांना सुचतो, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मारुतीच्या मागोमाग

दिल्लीकडे जपानी पाहुणे मोठ्या संख्येनं वळले ते मोटारींमुळे. १९८२ साली मारुतीचा सुझुकीशी करार झाला आणि १९८३च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. गुडगावच्या आसपास जपानी कंपन्या वाढत गेल्या, त्यांचे अधिकारी राहायला आले. त्यांना घरच्यासारखं जेवण हवं होतं. त्यातून जपानी खानावळी निघाल्या.

भारतीय गिऱ्हाइकाला मात्र सुशीची पहिली गाठ पंचतारांकित हॉटेलातच पडली. मुंबईच्या ताजमहालमध्ये २००४ साली आणि दिल्लीच्या मानसिंग मार्गावरच्या ताजमध्ये २००८ साली नामांकित जपानी आचारी मासाहारू मोरिमोतो यांच्या नावाचं ‘वासाबी’ आलं. तिथं मासाही विमानानं यायचा आणि बिलही विमानाच्या उंचीवर जायचं.

पुढच्या काही वर्षांत चित्र बदललं. खान मार्केटमध्ये २०१० साली ‘मामागोतो’ निघालं, लोधी कॉलनीत २०१३ साली ‘गपी’. रंगीबेरंगी भिंती, जपानी चित्रकथांची छाप, गप्पांचा गलका, टेबलाच्या मधोमध मोठी ताटं आणि सगळ्यांनी त्यातून उचलायचं. आचाऱ्यासमोर गंभीर चेहऱ्यानं बसायची गरज उरली नाही. वाढदिवस, पहिला पगार, परीक्षेचा निकाल अशा निमित्तांनी आठ-दहाजणांनी जावं, अशी ही ठिकाणं. कोपर्निकस मार्गावरून ती लांबही नाहीत. मंडी हाऊसला मेट्रोच्या जांभळ्या मार्गिकेत बसलं, की खान मार्केट तिसरं स्टेशन.

आणि ‘मामागोतो’ या जपानी शब्दाचा अर्थ ठाऊक आहे? लहान मुलांचा खोटाखोटा स्वयंपाक, खोटाखोटा संसार. मराठीत त्याला नेमका शब्द आहे... भातुकली!

माळकऱ्यानं काय खावं?

आता आपल्या टोळक्याकडे वळू. सगळ्यात अवघडून बसलाय तो लातूरचा माळकरी. मैत्रिणीचा आनंद मोडायचा नाही, पण माळही मोडायची नाही.

त्याला खाण्यासारखं पुष्कळ आहे. काकडीची माकी जपानमध्ये फार जुनी. दिल्लीच्या हॉटेलांत गिऱ्हाईक ओळखून अव्होकाडो, गाजर, शतावरीचे कोंब, मशरूम अशी सारणं सर्रास असतात. उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा असतात. भुईमुगाच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडतो, तशाच. वरचा काळा कागद पाहून मात्र शंका येते. तो नोरी, म्हणजे समुद्री शेवाळ. वनस्पतीच समजा.

या शेवाळाची गोष्टही ऐकण्यासारखी. १९४०च्या दशकाअखेर जपानमध्ये नोरीचं पीक बुडालं. ते का उगवतं आणि का बुडतं, हेच कोळ्यांना ठाऊक नव्हतं. कॅथलीन ड्रू-बेकर या इंग्रज संशोधक बाईंनी १९४९ साली दाखवून दिलं, की या शेवाळाचं बीज शिंपल्यांच्या कवचात वाढतं. त्या ज्ञानावर नोरीची शेती उभी राहिली. बाई स्वतः जपानला कधीच गेल्या नाहीत. तरी कुमामोतोजवळच्या उतो गावी त्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी १४ एप्रिलला शेतकरी तिथं त्यांची आठवण जागवतात.

माळकऱ्याला खरा धोका दिसत नाही तिथं आहे. मिसो सूप सोयाबीनचं असतं, पण त्याचं पाणी बहुधा वाळवलेल्या माशाच्या किसात उकळलेलं असतं. भाज्यांच्या माकीवर पेरलेले केशरी मणी माशाची अंडी असू शकतात. मेयोनीजमध्ये अंडं असतं. काही गोडसर सॉसमध्ये तांदळाची दारू पडते. आणि एकाच पाटावर, एकाच सुरीनं मासा आणि काकडी कापली जाऊ शकते. म्हणून ऑर्डर देण्याआधी वेटरला बोलावून चार प्रश्न स्पष्ट विचारावेत... सूप कशाचं, सॉसमध्ये काय, अंडं आहे का, सुरी-पाट वेगळे आहेत का? हे विचारण्यात कमीपणा नाही. शाकाहारी ताट वेगळं मागवावं आणि टेबलाच्या एका टोकाला ठेवावं. जैन मंडळींनी सोबत येणारं मुरवलेलं आलंही बाजूला सारावं, कारण ते कंद. गव्हाची ॲलर्जी असेल तर साध्या सोया सॉसपासून जपावं, त्यात बहुधा गहू असतो.

आणखी एक. हिरव्या गोळीला चटणी समजून अख्खी तोंडात टाकू नये! ती वासाबी. डोळ्यांतून पाणी, नाकातून वाफ! खरं तर बहुतेक ठिकाणी मिळते ती वासाबी नसतेच. हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचं ते मिश्रण असतं.

ताजा म्हणजे कच्चा खाण्याजोगा नव्हे

गरोदर नातीचं काय? तिच्यासाठी नियम साधा आहे. कच्चा मासा नको. लहान मुलं, फार थकलेली वृद्ध माणसं आणि आजारामुळे किंवा औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनीही तो टाळावा. शिजवलेली कोळंबी, तळलेली टेंपुरा, भाज्यांची माकी, गरम नूडल्स त्यांनी खुशाल खावीत.

बाकीच्यांसाठीही एक गैरसमज काढायला हवा. ‘मासा आज सकाळीच जाळ्यात आलाय, मग कच्चा खायला काय हरकत?’ ...हरकत आहे! माशाच्या अंगात सूक्ष्म कृमी असू शकतात. ताजेपणानं ते मरत नाहीत, शिजवल्यानं किंवा कडक गोठवल्यानं मरतात. अमेरिकी अन्न प्रशासनाच्या नियमानुसार कच्चा वाढायचा मासा उणे २० अंशांवर ७ दिवस किंवा उणे ३५ अंशांवर गोठवून १५ तास ठेवावा लागतो. घरच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्याचं ते काम नव्हे. म्हणून बाजारातली सुरमई किंवा पापलेट आणून घरी कच्ची सुशी करण्याचं धाडस करू नये. नदी-तळ्यातले रोहू-कटला तर कच्चे कधीच नकोत. हॉटेलातही मासा कुठून येतो आणि गोठवलेला असतो का, हे विचारावं. चांगलं हॉटेल उत्तर देतं. जिथं उत्तर टाळतात तिथं शिजवलेलंच मागवावं.

गंमत म्हणजे आज ज्या गुलाबी सामन माशाशिवाय सुशीचं ताट सजत नाही, तो खुद्द जपानी लोक पूर्वी कच्चा खात नसत. त्यांच्या समुद्रातल्या सामनमध्ये कृमींची भीती असे. १९८०च्या दशकात नॉर्वेकडे शेतीतला सामन उदंड झाला आणि त्यांनी जपानमध्ये मोहीम उघडली... आमचा मासा कच्चा खाऊन बघा! पटायला काही वर्षं गेली. म्हणजे कच्च्या सामनला नाक मुरडणाऱ्या आजी एकट्या नाहीत. टोकियोच्या आज्याही त्यांच्याच बाजूच्या होत्या.

आजींचा राणी मासा

आजींसाठी मात्र या ताटात एक खास जागा आहे. पांढऱ्या-केशरी पट्ट्यांची, बोटाएवढी कांडी. मेनूत तिला क्रॅब स्टिक म्हणतात, पण त्यात खेकडा बहुधा चवीपुरताच. ती असते सुरिमीची. माशाचं मांस काढून ते पाण्यात पुनःपुन्हा धुतात. वास, चरबी, रंग निघून जातो आणि उरतो पांढरा, लवचीक लगदा. तो गोठवला की बिघडायचा. त्यात साखरेसारखे पदार्थ मिसळले तर टिकतो, हे १९६०च्या सुमारास होक्काइदोतल्या संशोधकांनी शोधलं आणि सुरिमीचा जागतिक व्यापार सुरू झाला. कांडी कारखान्यातच शिजवलेली असते, त्यामुळे कच्च्याची भीती नाही.

आता हा मासा कोणता? उष्ण समुद्रातल्या सुरिमीसाठी मोठ्या प्रमाणावर वापरतात तो लालसर-गुलाबी राणी मासा. कोकणच्या बाजारात आजींनी आयुष्यभर पाहिलेला, पापलेट-सुरमईपुढे स्वस्तातला म्हणून मागे राहणारा. या राणीला परदेशी नेलं ते रत्नागिरीनं. दीपक गद्रे यांच्या गद्रे मरीन या कंपनीनं १९९०च्या दशकात तिथं सुरिमीचं उत्पादन सुरू केलं. आज जगातल्या मोठ्या सुरिमी उत्पादकांत तिची गणना होते. तिच्या क्रॅब स्टिक्स भारतातही विकल्या जातात.

म्हणजे खान मार्केटच्या टेबलावर आजींच्या पुढ्यात आलेल्या माकीच्या पोटातली कांडी मिरकरवाड्याच्या बंदराशी नातं सांगणारी असूही शकते! मऊ भात, शिजलेला मासा, जरासं आंबट-गोड. दात कमी झालेल्यांनाही जमावं असं. हे कळल्यावर आजींची भुवई खाली येते. ‘‘राणी मासा म्हणतेस? बघू बरं एक.’’

चॉपस्टिक जमत नसेल तर लाजू नये. निगिरी हातानं खाणं जपानमध्येही शिष्टसंमत आहे. सॉसमध्ये बुडवायची ती माशाची बाजू. भात बुडवला तर मूद फुटते आणि सॉसमध्ये शितं तरंगतात. आल्याचे काप सुशीवर ठेवायचे नसतात, दोन घासांच्या मध्ये तोंड साफ करायला खायचे असतात. आणि चॉपस्टिक भातात उभ्या खोचून ठेवू नयेत, की एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नये. दोन्ही गोष्टी तिकडे अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत. आपल्याकडे पानावर काय करू नये हे आजी सांगतात, तसंच हे.

बशा मोजा, बिल वाचा

शेवटी येतं बिल. आठजणांच्या टेबलावर ‘अजून एक ताट’ करता करता आकडा कुठं जातो कळत नाही. नातीचा पहिला पगार पहिल्याच रात्री संपू नये, यासाठी दोन गोष्टी पाळाव्यात. एक, सुरुवातीला पोटभरीचं मागवावं... भात, नूडल्स, सूप. सुशी वाटून चाखायला. दोन, बिल वाचावं. मोठ्या टोळक्याच्या बिलात सेवाशुल्काची ओळ हळूच येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी सूचना काढून बजावलं, की हॉटेलनं हे शुल्क आपणहून बिलात घालू नये, ते देणं ग्राहकाच्या मर्जीवर आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठानं या सूचना योग्य ठरवल्या. तेव्हा ती ओळ दिसली तर शांतपणे काढायला सांगावं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. वाढणाऱ्या पोराची सेवा आवडली असेल तर बक्षिसी त्याच्या हातात द्यावी.

टोळक्यानं जाण्याचं हॉटेल चांगलं की वाईट, हे भिंतीच्या रंगावरून किंवा मेनूच्या जाडीवरून ठरत नाही. माळकऱ्याला संशयाविना जेवता आलं का, गरोदर बाईला कुणी नीट माहिती दिली का, आजींना हातानं खाताना कुणी हसलं का, यावर ते ठरतं. पंगतीचा जुना नियम आहे... एकही पान रिकामं दिसता कामा नये. मग पंगत पाटावरची असो, पट्ट्यावरची असो, की खान मार्केटच्या टेबलावरची.

आणि भातुकलीचाही नियम हाच. खेळायचं तर सगळ्यांनी. त्यात आजीला कधीच वगळायचं नसतं. कारण भातुकलीतला पहिला भात तिनंच तर शिजवायला शिकवलेला असतो!